कांजिण्या चौथ्या मजल्यावर, अलगीकरण आम्हाला?

वहिनी_ऐरोली
बुधवार, ५ मार्च, सायं. ७.४०

नमस्कार. घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही ऐरोलीत राहतो, सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. चौथ्या मजल्यावरच्या मुलाच्या अंगावर काल सकाळी पुरळ दिसलं. डॉक्टरांनी कांजिण्या सांगितल्या. त्यांच्याकडे भांडी आणि केरफरशीला येणाऱ्या मावशी आमच्याकडेही येतात, शिवाय तिसऱ्या आणि सहाव्या मजल्यावर. आज सकाळी वॉचमनने मावशींना गेटवरच थांबवलं आणि दुपारी ग्रुपवर सूचना आली: मावशींना २१ दिवस प्रवेश बंद. त्या ज्या चार घरांत काम करतात त्या घरांनी २१ दिवस लिफ्ट वापरायची नाही, मुलं खाली पाठवायची नाहीत, पाहुणे बोलवायचे नाहीत.

माझी नणंद बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. सातवा महिना. येत्या रविवारी, ९ तारखेला डोहाळजेवण. चाळीस माणसं, हॉलला पैसे भरून झालेत. सासूबाई दुपारपासून घरभर कापूर फिरवतायत आणि नणंद खोलीतून बाहेर यायला तयार नाही. मावशींनी फोनवर विचारलं, "माझं काय चुकलं?" मला उत्तर देता आलं नाही.

आजारी मूल आमच्या घरातलं नाही. आमच्यापैकी कुणी त्यांच्या घरी गेलेलं नाही. मावशी ठणठणीत आहेत. आजारी माणसाला भेटलेल्या माणसाला भेटलेलो आम्ही. आम्हाला कुठला नियम लागतो? आणि नणंदेचं काय करू?

पोळीभाजी
५ मार्च, सायं. ७.५२

मावशींना पगारी सुट्टी द्या आणि गप्प बसा. घरात गरोदर बाई असताना नियमांचा कीस कशाला पाडायचा? सोसायटीचं मला तरी चुकीचं वाटत नाही.

खाडीपलीकडे
५ मार्च, रात्री ८.१५

२१ दिवस वाचलं आणि २०२० आठवलं. मी ठाण्याचा. मे महिन्यात मेहुण्याच्या ऑफिसातला एक जण पॉझिटिव्ह निघाला. मेहुणा त्याच्यापासून तीन टेबलं लांब बसायचा. मेहुण्याची आणि माझी शेवटची गाठभेट होळीची. बायकोने हे सगळं भाबडेपणाने खालच्या काकूंना सांगितलं आणि संध्याकाळी आमच्या दारासमोर नायलॉनची दोरी! दूधवाला पिशवी दोरीपलीकडे ठेवायचा. कचरा चार दिवस घरात. वर काठीने बेल दाबायची पोरांना सवय लागली ती वेगळीच.

मी तेव्हा चिडून केंद्राचे नियम वाचून काढले होते, म्हणून पक्कं लक्षात आहे. त्यात दोनच खण होते. अति जोखमीचा संपर्क म्हणजे रुग्णाच्या घरात राहणारा, त्याला हात लावलेला, किंवा काळजी न घेता एक मीटरच्या आत आलेला. कमी जोखमीचा म्हणजे त्याच वर्गात, त्याच खोलीत, त्याच बसमध्ये असलेला, पण तेवढा जवळ न आलेला. अति जोखमीच्या माणसाला लक्षणं नसली तरी पाचव्या ते दहाव्या दिवसात एकदा चाचणी, आणि घरात १४ दिवस. पुढे जानेवारी २०२२ मध्ये त्याचे ७ झाले. माझा मेहुणा फार तर कमी जोखमीच्या खणात. मी कुठल्या खणात? कुठल्याच नाही. संपर्काचा संपर्क हा तिसरा खण आमच्या कमिटीने घरी तयार केला होता.

तुमच्या कमिटीकडेही तोच साचा अजून पडून असणार. रोग बदलला, आकडे तेच.

ण_बाणाचा
५ मार्च, रात्री ८.३१

धागाकर्तीने शीर्षकात 'अलगीकरण' लिहिलं याबद्दल विशेष आभार. २०२० पासून सगळे सरसकट विलगीकरण लिहितात. सरकारी कागदांत फरक आहे: आजारी माणसाला वेगळं ठेवणं ते विलगीकरण, आणि आजार नसलेल्या पण होण्याची शक्यता असलेल्याला वेगळं ठेवणं ते अलगीकरण. म्हणजे चौथ्या मजल्यावरचं मूल विलगीकरणात. मावशींचं जे चाललंय ते अलगीकरण. तुमच्या घराचं जे चाललंय त्याला शब्द नाही.

थोडं अवांतर. क्वारंटाइन या शब्दात व्हेनिसचे चाळीस दिवस आहेत. त्याआधी १३७७ मध्ये आजच्या दुब्रोव्हनिकने येणाऱ्या जहाजांना तीस दिवस थांबवायला सुरुवात केली होती. पुढे चाळीसच का, याला रोगापेक्षा धर्माचा आधार जास्त होता. आपल्याकडेही तेच. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग रुग्णांचे नातेवाईक, शेजारी, त्याच चाळीतले, सगळ्यांना छावण्यांत नेऊन बसवलं. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी मांडलं १८९८ मध्ये. तोवर माणसं माळावर आणि उंदीर घरात.

गवती_चहा
५ मार्च, रात्री ८.४४

आमच्या आजीकडे याची सोय साधी होती. घरात कांजिण्या आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा. तो दिसला की पाहुणा बाहेरूनच परत जायचा, कुणी रागवायचं नाही. घरात फोडणी नाही, केस कापायचे नाहीत, देवी आल्यात म्हणून मोठ्याने बोलायचं नाही. फोडणीचं शास्त्र मला विचारू नका. पण डहाळा आजारी माणसाच्या दाराला असायचा, त्याच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या दाराला नाही.

कडू_गोळी
५ मार्च, रात्री ९.२०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, दवाखाना ठाण्यात. धाग्यावर औषध लिहून देत नाही. पण इथे कोविडचा साचा कांजिण्यांना लावला जातोय, म्हणून लिहितो.

कांजिण्यांचा विषाणू मावशींच्या पदराला चिकटून चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर येत नाही. शरीराबाहेर तो फार टिकत नाही. तो येतो हवेतून आणि फोडांतल्या पाण्यातून, आणि त्यासाठी समोर आजारी माणूस लागतो. म्हणजे मावशींमुळे तुम्हाला कांजिण्या व्हायच्या असतील तर आधी मावशींना व्हायला हव्यात. त्याला वेळ लागतो. संसर्ग झाल्यापासून पुरळ यायला १० ते २१ दिवस, बहुधा १४ ते १६. आणि माणूस दुसऱ्याला देऊ लागतो तो पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून, सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत.

रुग्णालयात आम्ही हेच गणित वापरतो. कांजिण्या कधी न झालेली, लस न घेतलेली नर्स अशा रुग्णाच्या खोलीत गेली, तर तिला आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत कामावरून दूर ठेवतात. पहिले सात दिवस ती कुणालाही काही देऊ शकत नाही. आणि जिला पूर्वी होऊन गेल्या आहेत किंवा जिचे लसीचे दोन्ही डोस झालेत, ती कामावर राहते, फक्त लक्षणांवर नजर ठेवायची. त्या नर्सच्या नवऱ्याला, शेजारणीला, तिच्या भाजीवाल्याला कुणी विचारतही नाही. मधली कडी आजारी पडेपर्यंत पुढच्या कडीला नियमच नाही.

तेव्हा चार प्रश्न. मावशींना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? नणंदेला झाल्या होत्या का? तुमच्या घरात लहान मूल आहे का? असेल तर चौथ्या मजल्यावरच्या मुलाबरोबर ते कुठे आणि किती वेळ असतं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

सचिव_तिसरी_टर्म
५ मार्च, रात्री ९.४१

मी दुसऱ्या एका सोसायटीचा सचिव. नेरूळ. कमिटीला झोडपायच्या आधी एक बाजू ऐका. रात्री साडेअकराला फोन येतो, "साहेब, चौथ्यावर कांजिण्या, तुम्ही काय करताय?" काही केलं नाही तर उद्या सभेत फाडून खातात. आम्ही डॉक्टर नाही. मानधन शून्य. माणूस मग सगळ्यात मोठा आकडा शोधतो आणि सूचना काढतो. २१ लिहिलं की कुणी म्हणत नाही कमी लिहिलं.

मावशींना अडवणं चूक, मान्य. पण ते सोपं असतं हेही खरं. गेटवर वॉचमन आहे, यादी आहे, पास आहे. सभासदाला कोण अडवणार?

ट्रान्सहार्बर
५ मार्च, रात्री ९.५५

सचिवसाहेब, प्रामाणिकपणाला सलाम. शेवटची चार वाक्यं फ्रेम करून सोसायटीच्या ऑफिसात लावा.

अधिकाराचं म्हणाल तर साथरोग कायदा १८९७ चा, त्यात अधिकार सरकारला. शहरात महापालिका आयुक्तांना. सोसायटीच्या उपविधींत गळती आहे, पार्किंग आहे, देखभाल शुल्क आहे. माणसाला २१ दिवस घरात बसवायचा अधिकार नाही. कमिटी विनंती करू शकते. सूचनेच्या भाषेत विनंती दिसतेय का, धागाकर्ती सांगतील.

वहिनी_ऐरोली
५ मार्च, रात्री १०.३५

विनंती नाही. "अन्यथा दंड आकारण्यात येईल."

डॉक्टर, उत्तरं. मावशींना झाल्या होत्या, जुन्नरकडच्या गावी असताना, भावंडांना एकदमच. कपाळावर दोन खुणा आहेत, आणि त्या वेळी शाळा बुडली म्हणून चौथी परत करावी लागली हे त्या अजून सांगतात. नणंदेबद्दल घरात भांडण. सासूबाई म्हणतात तिला गोवर आला होता, सासरे म्हणतात कांजिण्या. तिच्या भुवईवर एक खड्डा आहे, पण तो झोपाळ्यावरून पडल्याचाही असू शकतो.

मुलगा आहे. पाच वर्षांचा. लसीचा एक डोस झालाय, दुसरा राहून गेला.

चौथा प्रश्न वाचला आणि पाच मिनिटं फोन उलटा ठेवून बसले. चौथ्या मजल्यावरचा मुलगा आणि माझा मुलगा एकाच शाळेच्या व्हॅनने जातात. जाऊन येऊन रोज पाऊण तास. सोमवारी शेजारी बसले होते. रविवारी संध्याकाळी आमच्याच हॉलमध्ये दोघं गाड्या खेळत होते, मीच दोघांना एका ताटलीत पोहे दिले.

मी वर काय लिहिलंय बघा. "आमच्यापैकी कुणी त्यांच्या घरी गेलेलं नाही." खरंच आहे. तो आमच्या घरी आला होता.

खाडीपलीकडे
५ मार्च, रात्री १०.४१

व्हॅनमध्ये मुलं किती?

वहिनी_ऐरोली
५ मार्च, रात्री १०.४३

अकरा. सूचनेत व्हॅनचं नाव नाही.

पोळीभाजी
५ मार्च, रात्री १०.५०

माझा पहिला प्रतिसाद मागे घेते.

कडू_गोळी
५ मार्च, रात्री ११.०५

घाबरू नका, वेळ अजून हातात आहे.

मूल पहिलं. संपर्क आल्यापासून तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. दुसरा डोस तसाही राहिलाच आहे. उद्या सकाळी तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. एका डोसनेही साधारण ८० ते ८५ टक्के संरक्षण मिळतं, म्हणजे मूल अगदी उघडं नाही. ही लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, त्यामुळे दुसरा डोस बऱ्याच घरांत राहतो. अपराधी वाटून घेऊ नका.

नणंद. खुणेवर आणि भांडणावर जाऊ नका. उद्याच तिच्या प्रसूतितज्ज्ञांना फोन करा आणि कांजिण्यांच्या प्रतिपिंडांची, म्हणजे आयजीजी चाचणी करायची का विचारा. ते हो म्हणतील. प्रतिपिंडं असतील तर विषय संपला. नसतील तर गरोदरपणात ही लस देत नाहीत, पण तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं. ते लवकरात लवकर, संपर्कापासून दहा दिवसांच्या आत. मोठ्यांना, त्यातही गरोदर बाईला, कांजिण्यांतून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून ही धावपळ. आणि मूल पोहे खात असताना नणंद त्याच खोलीत होती का? असेल तर ती अप्रत्यक्ष संपर्कात नाही, प्रत्यक्ष संपर्कात आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. "सगळ्यांनाच लहानपणी होऊन जातात" हे आपल्याकडे गृहीत धरू नये. उष्ण प्रदेशांत कांजिण्या न होताच मोठी झालेली माणसं थंड देशांपेक्षा जास्त सापडतात. विशेषतः खेड्यातून आलेली.

वहिनी_ऐरोली
५ मार्च, रात्री ११.१२

होती. सोफ्यावर. लोकर विणत.

निवृत्त_आरोग्यसेवक
गुरुवार, ६ मार्च, पहाटे ५.५०

लवकर उठतो, म्हणून आत्ता वाचलं. नोकरी ठाणे जिल्ह्यात, पालघर वेगळा व्हायच्या आधीच्या ठाणे जिल्ह्यात. सुरुवातीची वर्षं जव्हार-मोखाड्याच्या बाजूला.

संपर्काचा संपर्क हा शब्द आमच्या पिढीने शिकला तो देवीच्या, म्हणजे स्मॉलपॉक्सच्या वेळी, आणि कोंडण्यासाठी नाही. एक रोगी सापडला की त्याच्या दारावर पहारेकरी बसायचे, दिवसरात्र. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं आणि टोचायचं. मग घरातली माणसं, मग शेजारची घरं, मग त्या घरांत येणारे-जाणारे. कड्यावर कडं. पहिल्या कड्याला नजरेखाली ठेवायचं, दुसऱ्या कड्याला लस द्यायची आणि सोडायचं. रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस, शेवटी शेवटी हजार रुपये. तेव्हाचे हजार! लोक लपवायचे थांबले ते त्यामुळे. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ चा.

२०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या लसीची चाचणी झाली तीही अशीच कड्यांनी. रुग्णाचे संपर्क आणि त्या संपर्कांचे संपर्क, दोघांनाही लस. दुसरं कडं मोजतात, पण ते त्याला वाचवायला.

तुमच्या सोसायटीने दुसरं कडं मोजलं आणि त्याला दंड लावला. मग पुढच्या वेळी कोण सांगेल घरात कांजिण्या आहेत म्हणून?

सचिव_तिसरी_टर्म
६ मार्च, सकाळी ८.०५

काका, हे मी आमच्या कमिटीच्या ग्रुपवर टाकतोय. नाव न देता.

नेटके_आजोबा
६ मार्च, सकाळी ९.३०

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. मला गेल्या आठवड्यापासून नागीण झाली आहे, कमरेला. नातू दीड वर्षाचा. सून त्याला माझ्याजवळ देत नाही. मीही अप्रत्यक्ष का?

कडू_गोळी
६ मार्च, सकाळी ९.५८

आजोबा, तुम्ही प्रत्यक्ष. नागीण म्हणजे लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत झोपलेला असतो, तो जागा होतो. तुमच्याकडून नातवाला नागीण होणार नाही, पण लस झाली नसेल तर फोडांच्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. फोड कापडाने झाकलेले ठेवा, खपल्या धरेपर्यंत नातवाला उचलू नका. सुनेचं बरोबर आहे. आणि डॉक्टरला दाखवलं नसेल तर आज दाखवा.

वहिनी_ऐरोली
६ मार्च, दुपारी २.२०

मुलाला लस दिली. रडला नाही, लाच म्हणून आइस्क्रीम घेतलं. नणंदेचं रक्त घेतलं, रिपोर्ट परवा.

व्हॅनच्या आयांच्या ग्रुपवर मी स्वतः लिहिलं, कारण दुसरं कुणी लिहिणार नव्हतं. आधी अर्धा तास सन्नाटा. मग एकीचा फोन. तिच्या सासूबाईंची केमो चालू आहे आणि नातू रोज आजीच्या कुशीत झोपतो. ती फोनवर रडत होती. डॉक्टर, तिला मी काय सांगू?

चौथ्या मजल्यावरही फोन केला. त्या बाई म्हणाल्या, "दोन दिवसांत तुमचा पहिला. बाकी सगळे ग्रुपवर बोलतायत."

कडू_गोळी
६ मार्च, दुपारी २.३५

केमोच्या डॉक्टरांना आज, आत्ता फोन. उद्या नाही. मुलाच्या लसीचं बघा, आणि पुढचे तीन आठवडे त्याने आजीपासून वेगळं झोपायचं. अंगावर एक फोड दिसला तरी पुन्हा फोन.

तुमची सूचना चार घरांना लिफ्ट वापरू नका सांगते आणि या आजीपर्यंत पोचत नाही.

वहिनी_ऐरोली
शनिवार, ८ मार्च, सकाळी ११.१०

नणंदेची प्रतिपिंडं आहेत! सासरे जिंकले. सासूबाई म्हणतात गोवरही आला असेलच.

डोहाळजेवणाचं गणित परत घालून देता का? पाहुण्यांत माझी मावसबहीण आहे, तिचं बाळ चार महिन्यांचं.

कडू_गोळी
८ मार्च, सकाळी ११.४०

मुलाचा पहिला संपर्क रविवार, २ मार्च. आठवा दिवस म्हणजे सोमवार, १० मार्च. ९ तारखेला तो कुणाला काही देईल अशी शक्यता नाही. एक दिवस राखून कार्यक्रम होतोय. चार महिन्यांच्या बाळाला मात्र त्याच्या मांडीवर देऊ नका, तेवढं मनाला बरं वाटू दे.

१० पासून २४ पर्यंत मूल घरी. शेवटचा संपर्क ३ मार्चचा, म्हणून २४. व्हॅन नाही, खाली खेळणं नाही. ताप किंवा फोड आला तर ॲस्पिरिन अजिबात द्यायचं नाही, पॅरासिटामॉल चालेल.

ट्रान्सहार्बर
८ मार्च, दुपारी १२.०२

मध्ये धुळवड आहे, १४ तारखेला. पाच वर्षांच्या मुलाला कोण सांगणार?

वहिनी_ऐरोली
८ मार्च, दुपारी १२.१५

सांगितलं. तो म्हणतो, मग मावशी का येत नाहीत, त्यांना पण होणार आहे का? मी म्हटलं, नाही, त्यांना होणार नाही. मग तर त्याला काहीच कळेना.

मावशींकडे कमिटीने डॉक्टरचं प्रमाणपत्र मागितलंय. त्या काल पालिकेच्या आरोग्य केंद्रात रांग लावून आल्या, अर्धा दिवस गेला. तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं: पूर्वी होऊन गेल्या आहेत, कामास हरकत नाही.

ण_बाणाचा
८ मार्च, दुपारी १२.२८

आणि मुलाच्या वडलांकडे? म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या. ते तर आजारी मुलाच्या घरातच राहतात.

वहिनी_ऐरोली
८ मार्च, दुपारी १२.३३

ते रोज लोकलने ऑफिसला जातायत. त्यांना लहानपणी झाल्या होत्या म्हणे. तोंडी सांगितलं, चाललं.

वहिनी_ऐरोली
मंगळवार, १८ मार्च, रात्री ९.१५

धागा वर आणतेय.

डोहाळजेवण छान झालं. नणंद फुलांच्या वाडीत बसली, बर्फी-पेढ्यात तिने बर्फी उचलली, सासूबाईंनी मुलगा ठरवून टाकला. धुळवडीला मुलाने गॅलरीतून पिचकारी मारली आणि खालच्या काकांची लुंगी रंगवली, त्याची वेगळी तक्रार आहे.

काल सकाळी त्याच्या पोटावर सहा फोड. आज अकरा. ताप नाही, खाज थोडी. डॉक्टर म्हणाले लसीमुळे सौम्य आहे. व्हॅनमधल्या आणखी दोघांना आलेत. केमोवाल्या आजी ठीक आहेत, त्यांना वेळेत इंजेक्शन मिळालं. नातू अजून आत्याकडे आहे.

मी काल स्वतःच कमिटीला कळवलं आणि दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला. गवती_चहा, तुमची आठवण काढून. सेक्टरात कडुनिंब शोधायला वीस मिनिटं लागली. नवरा हसला, पण आज कुरियरवाला खरंच बाहेरूनच परत गेला.

नवी सूचना आली. या वेळी दंड नाही आणि २१ दिवसही नाहीत. "खपल्या धरेपर्यंत मुलाला घरी ठेवावे ही विनंती." शेवटच्या तीन शब्दांवर मी खूश आहे.

सचिव_तिसरी_टर्म
१८ मार्च, रात्री ९.३०

मसुदा कुणाचा ते विचारू नका. सचिव सचिवांना ओळखतात.

पोळीभाजी
१८ मार्च, रात्री ९.४४

आणि मावशी?

वहिनी_ऐरोली
१८ मार्च, रात्री ९.५८

९ तारखेपासून येतायत. काल मी दार अर्धंच उघडून म्हटलं, आत आमच्याकडे आलंय, तुम्हाला नको असेल तर येऊ नका. त्या म्हणाल्या, "माझं होऊन गेलंय बाई, बाजूला व्हा." चपला काढल्या आणि थेट ओट्याकडे.

चार दिवसांचे पैसे आम्ही आणि चौथ्या मजल्याने पूर्ण दिले. तिसऱ्या मजल्याने कापले. सहाव्या मजल्याने दुसरी बाई ठेवली आहे. तिला कांजिण्या झाल्या होत्या का, ते कुणी विचारलेलं नाही.